इंग्लंडमधली बाजारगावं आणि खेडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीसाठी नव्याने आलेली मंडळी, उन्हाळ्यात मुलांकडे राहायला येणारे आईवडील आणि लंडन बघून झाल्यावर ‘आता कुठे जायचं?’ असं विचारणारे पर्यटक यांच्याकडून फिरून फिरून जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंडचे कायदे वेगळे, त्यामुळे तिथे हे लावू नका.

१. ‘मार्केट टाउन’ म्हणजे नेमकं काय? बाजारपेठ असलेलं कुठलंही छोटं शहर का?

नाही. जिथे आठवडी बाजार भरवायचा हक्क पूर्वी राजाच्या सनदेने मिळाला होता, ते मार्केट टाउन. हा हक्क बहुधा तिथल्या सरदाराला, मठाला किंवा बिशपला मिळायचा आणि त्यांचा डोळा असायचा उत्पन्नावर: स्टॉलचं भाडं, विक्रीवरचा कर, खोटी मापं वापरणाऱ्यांकडून दंड. १२०० ते १३४९ या काळात इंग्लंडात सुमारे २,००० बाजारांना अशी परवानगी मिळाली. मग प्लेगने माणसंच नेली आणि त्यातले कितीतरी बाजार कायमचे उठले. काही ठिकाणी आज नुसतं खेडं उरलं आहे, पण मधला रस्ता मात्र संशय यावा इतका रुंद असतो. बाजार तिथे भरायचा.

दोन बाजारांत अंतर किती असावं याचाही हिशेब होता. ब्रॅक्टन या तेराव्या शतकातल्या कायदेपंडिताच्या नावावर सहा पूर्णांक दोन तृतीयांश मैलांचा नियम सांगितला जातो. माणूस दिवसाला २० मैल चालतो असं धरायचं आणि दिवसाचे तीन भाग करायचे: एक जायला, एक खरेदी-विक्रीला, एक उजेडात घरी परतायला. यापेक्षा जवळ कुणी नवा बाजार काढला तर जुना बाजारवाला कोर्टात जायचा.

२. मग व्हिलेज, टाउन आणि सिटी हा फरक लोकसंख्येवरून ठरतो का?

लोकसंख्येवरून तर मुळीच नाही. सॉमरसेटमधलं वेल्स जेमतेम १२,००० वस्तीचं, पण सिटी. नॉर्थॅम्प्टनची वस्ती दोन लाखांच्या वर, तरी ते टाउन. सिटी हा राजाने दिलेला दर्जा आहे. व्हिलेज आणि टाउन यांच्यातली रेघ त्याहून धूसर: एखादी पॅरिश काउन्सिल ठराव करून स्वतःला टाउन काउन्सिल म्हणवून घेऊ शकते आणि तिच्या अध्यक्षाला मेयर म्हणता येतं (काउन्सिलसाठी प्रश्न ९ पाहा).

३. आम्ही शनिवार-रविवारीच फिरू शकतो. बाजार दिसेल का?

शनिवारी बऱ्याच ठिकाणी दिसेल, रविवारी क्वचितच. १४४८ साली कायद्याने रविवारचे बाजार बंद केले, सवलत फक्त सुगीच्या चार रविवारांना. आज तसं बंधन नाही, पण सवय तीच आहे.

मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते हेच की आधी वार ठरवा, मग गाव. यॉर्कशायरमध्ये हॉज मंगळवारी, हेल्म्सली शुक्रवारी, रिपन गुरुवारी, थर्स्क सोमवारी आणि शनिवारी, तर स्किप्टन सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार असं चार दिवस. कॉट्सवोल्ड्समध्ये मोरटन-इन-मार्शचा मंगळवार मोठा. सफोकमध्ये बरी सेंट एडमंड्सचे वार बुधवार आणि शनिवार. लेक डिस्ट्रिक्टमध्ये केझिकचे गुरुवार आणि शनिवार. बाजाराचा वार चुकला की त्याच चौकात मोटारींचं पार्किंग दिसतं आणि लोक ‘काही खास नाही’ म्हणत परत येतात. सकाळी दहाला पोहोचा. दोननंतर स्टॉलवाले आवराआवर करायला लागतात.

रिपनला मुक्काम असेल तर रात्री नऊ वाजता चौकातल्या उंच स्तंभापाशी उभे राहा. रोज तिथे एक माणूस स्तंभाच्या चारही कोपऱ्यांवर शिंग फुंकतो. प्रथा सन ८८६ पासूनची, असं रिपनकर सांगतात.

४. बाजारात काय मिळतं? भाव करायचा का?

भाजी, फळं, चीज, पाव, मासे, रोपं, मोजे, कुत्र्याची खेळणी, मोबाइलची कव्हरं. भाव करू नका, तो इथला रिवाज नाही. दुपारी उरलेली फळं ‘वाडगाभर एका पौंडाला’ असं ओरडून विकतात, तीच काय ती घासाघीस. वजनाने विकलेला माल कायद्याने किलो-ग्रॅममध्येच विकायचा असतो, पाउंड-औंस सोबत लिहिले तरी चालतात. म्हातारी गिऱ्हाइकं अजून ‘अर्धा पाउंड मशरूम’च मागतात आणि विक्रेता न बोलता २२७ ग्रॅम तोलतो.

दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. फार्मर्स मार्केट हा अलीकडचा प्रकार. तो बहुधा महिन्यातून एकदा भरतो, माल आजूबाजूच्या शेतकऱ्यांचा आणि भाव चढे. दुसरा गुरांचा बाजार. लेस्टरशायरमध्ये मेल्टन मोब्रेला दर मंगळवारी तो भरतो. लिलाव पुकारणाऱ्याच्या तोंडून एक अक्षर कळणार नाही, पण बघायला कुणी अडवत नाही. फक्त कान खाजवताना हात उगाच वर नेऊ नका. २००१ च्या लाळ्या-खुरकत रोगात साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. त्या तडाख्यातून गुरांचे काही बाजार पुन्हा उभे राहिलेच नाहीत.

५. चौकात खांबांवर उभी असलेली ती भिंती नसलेली इमारत कसली?

मार्केट हाउस. खाली सावलीत लोणी, कोंबड्या, चीज विकायचं आणि वर धान्य साठवायचं किंवा गावकारभाऱ्यांच्या बैठका घ्यायच्या. हेरफर्डशायरमधल्या लेडबरीचं ओकच्या खांबांवरचं काळं-पांढरं मार्केट हाउस सतराव्या शतकातलं आहे. चिपिंग कॅम्पडनचं १६२७ चं, सर बॅप्टिस्ट हिक्स या धनाढ्य व्यापाऱ्याने बांधून दिलेलं. त्याला वरचा मजलाच नाही. सॉमरसेटमध्ये डन्स्टरला १६०९ चा अष्टकोनी यार्न मार्केट आहे. तिथे कापड विकलं जायचं आणि छपराच्या एका तुळईला सतराव्या शतकातल्या यादवी युद्धातल्या तोफगोळ्याचं भोक अजून आहे. नुसता कोरीव दगडी मंडप असेल तर तो मार्केट क्रॉस. माझ्या मते सगळ्यात देखणा विल्टशायरमधल्या माम्झबरीचा, साधारण १४९० चा.

६. बुधवारी दुपारी एका गावात गेलो तर निम्मी दुकानं बंद! सुट्टी होती का?

तो ‘अर्ली क्लोजिंग’चा अवशेष. १९११ च्या शॉप्स ॲक्टने दुकानातल्या नोकरांना आठवड्यातून एक अर्धी सुट्टी दिली. ती कुठल्या वारी हे गावोगाव ठरायचं, बहुतेक बुधवारी किंवा गुरुवारी. सक्ती १९९४ मध्ये गेली, पण खाटीक, न्हावी, लोकरीचं दुकान अशी एकट्यादुकट्याने चालवलेली दुकानं ती अजून पाळतात. रविवारचा नियम निराळा: २८० चौरस मीटरपेक्षा मोठं दुकान सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळेत फक्त सहा तास उघडं ठेवता येतं. म्हणून रविवारी संध्याकाळी सात वाजता मोठ्या सुपरमार्केटसमोर जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही.

७. आम्ही दारू पीत नाही, बरोबर लहान मुलं आणि शाकाहारी सासूबाई. पबमध्ये जावं का?

अवश्य जा. गावातला पब ही बसायची, बोलायची, जेवायची जागा आहे. लेमोनेड किंवा कॉफी मागितली म्हणून कुणी मान वळवून बघत नाही. जेवण मिळणाऱ्या पबमध्ये मुलं मोठ्यांसोबत असली की सहसा अडचण येत नाही, मात्र रात्री आठ-नऊनंतर काही जण मुलांना थांबू देत नाहीत. दारातच विचारा.

नवख्यांची पंचाईत होते ती मागवण्यात. टेबलावर बसून वाट बघत राहिलात तर कुणीही येणार नाही. टेबलाचा नंबर बघून काउंटरवर जायचं, मागवायचं, तिथेच पैसे द्यायचे. काउंटरवर रांग नसते, पण आपल्याआधी कोण आलं हे प्रत्येकाला पाठ असतं. नोटा हलवणं, चुटकी वाजवणं असले प्रकार केलेत तर सगळ्यात शेवटी नंबर लागेल. चार-पाच जणांच्या गटात पाळीपाळीने एकेकाने सगळ्यांचं आणायचं. ते तुम्ही प्यायलात आणि तुमच्या पाळीला उठला नाहीत, तर ते लक्षात राहतं. लोक बोलत मात्र नाहीत.

सासूबाईंसाठी: शाकाहारी पदार्थ मेनूवर खुणेने दाखवलेले असतात आणि रविवारच्या भाजलेल्या मांसाच्या जेवणाला बहुतेक पबमध्ये नट रोस्टसारखा काहीतरी पर्याय असतो. खरा सापळा चिप्सचा. यॉर्कशायरच्या फिश-अँड-चिप्सच्या दुकानांत चिप्स बऱ्याचदा गाईच्या चरबीत तळतात. ‘कशात तळता?’ हा प्रश्न तिथे नेहमीचा आहे, बिनधास्त विचारा. आणि दुपारचं जेवण दोनच्या आत मागवा. लहान गावांत स्वयंपाकघर दोन-अडीचला बंद होतं, मग वेफर्स आणि खारे दाणे.

८. पबची नावं एवढी विचित्र का?

वाचता न येणाऱ्यांच्या काळात चित्राची पाटी हीच ओळख होती. रिचर्ड दुसरा याने १३९३ साली दारूगुत्त्यांना पाटी लावणं सक्तीचं केलं. त्याचं स्वतःचं चिन्ह पांढरं हरीण होतं, म्हणून ठिकठिकाणी ‘व्हाइट हार्ट’. ‘रॉयल ओक’ हे नाव १६५१ च्या प्रसंगावरून आलं: लढाई हरलेला चार्ल्स दुसरा शत्रूपासून वाचण्यासाठी बॉस्कोबेलच्या ओकवर लपून बसला होता.

९. पॅरिश काउन्सिल म्हणजे आपली ग्रामपंचायतच का? भारतीय पासपोर्टवर मतदान करता येतं?

तळाची निवडून आलेली संस्था या अर्थाने हो, पण अधिकार फारच थोडे. १८९४ च्या कायद्याने या काउन्सिल चर्चच्या कारभारापासून वेगळ्या निघाल्या. नावात ‘पॅरिश’ असलं तरी धर्माशी संबंध नाही. आज इंग्लंडात सुमारे १०,००० आहेत. खेळाचं मैदान, बाकं, दफनभूमी, बसथांबा, अलॉटमेंट (भाडेपट्ट्याचे भाजीचे वाफे) ही यांची कामं. घराला परवानगी द्यायची की नाही यावर मत देतात, निर्णय वरची काउन्सिल घेते. शाळा, कचरा, रस्तेही वरच्यांकडे. सदस्यांना सहसा मानधन नसतं, एक पगारी कारकून असतो आणि गाव खरं तर तोच चालवतो, किंवा बऱ्याचदा तीच.

मतदान: भारत राष्ट्रकुलात आहे, त्यामुळे इंग्लंडात कायदेशीर व्हिसावर राहणारा भारतीय नागरिक मतदारयादीत नाव घालून स्थानिक आणि संसदेच्याही निवडणुकीत मत देऊ शकतो. निवडणुकीला उभं राहायचं असेल तर मात्र नुसता व्हिसा पुरत नाही, कायम वास्तव्याची परवानगी लागते. सोबत वय १८ पूर्ण आणि गावाशी नातं: मतदारयादीत नाव, किंवा वर्षभर तिथे वा तीन मैलांच्या आत राहणं, असं काहीतरी. खेड्यांत जागा रिकाम्या राहतात आणि मग उरलेले सदस्यच कुणाला तरी बोलावून घेतात. बैठकांना कुणीही जाऊन बसू शकतं. कुत्र्याच्या विष्ठेवर पाऊण तास चर्चा ऐकायची तयारी ठेवा.

१०. गावात राहायला आलो आहोत. ओळखी कशा होतात? शेजारी हवामानापलीकडे बोलतच नाहीत.

ओळख काढायला घरी जाऊ नका, कामाला जा. इथे लोक हातात काहीतरी काम असलं की बोलतात. व्हिलेज हॉलच्या पाटीवर यादी लागलेली असते: गायनमंडळ, बॅडमिंटन, नाट्यमंडळ, पबमधली क्विझ, दुकानात स्वयंसेवक हवेत (प्रश्न १७ पाहा). अलॉटमेंटसाठी आधी नाव नोंदवा, यादी लांब असते. मेथी-कोथिंबीर लावलीत की कुंपणापलीकडून चौकशी सुरू होते.

बायकांसाठी विमेन्स इन्स्टिट्यूट. मूळ कॅनडातलं, १८९७ चं. ब्रिटनमधली पहिली शाखा १९१५ साली वेल्समध्ये निघाली. मुरांबे आणि प्रार्थनागीतं अशी तिची ख्याती होती, ती स्किप्टनजवळच्या रिल्स्टन शाखेने पार मोडून काढली. १९९९ मध्ये तिथल्या मध्यमवयीन सदस्यांनी रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनाला निधी म्हणून स्वतःच्या विवस्त्र छायाचित्रांचं कॅलेंडर काढलं, फुलं आणि केक अगदी मोक्याच्या जागी ठेवून. तेव्हा तिथे नुसता जॅम शिकवतात या समजुतीत राहू नका.

११. आम्ही हिंदू आहोत. चर्चमधल्या कार्यक्रमांना गेलं तर चालतं का?

चालतं. कॉफीची सकाळ, मैफल, फुलांचं प्रदर्शन यांना धर्म कुणी विचारत नाही. अनपेक्षित वाट हवी असेल तर घंटा वाजवायला शिका. मनोऱ्यात सहा-आठ अजस्र घंटा, प्रत्येक दोरीला एक माणूस. इथे सूर नसतो, गणित असतं: दर फेरीला घंटांचा क्रम बदलायचा आणि एकही क्रम पुन्हा येऊ द्यायचा नाही. सात घंटांचे ५,०४० क्रम होतात, ते वाजवायला साधारण तीन तास लागतात. आठ घंटांचे ४०,३२०. तेही १९६३ मध्ये लफबरोच्या घंटांच्या कारखान्यातल्या मनोऱ्यात माणसं न बदलता सलग वाजवले गेले, सुमारे १८ तास. आठवड्यात एका संध्याकाळी सराव असतो आणि वाजवणारे कायम कमी पडतात. श्रद्धेची अट बहुतेक मनोऱ्यांत नाही.

१२. हिरवळीवर क्रिकेट चाललं होतं. नुसतं उभं राहून बघितलं तर चालेल? खेळायचं असेल तर?

बघा, तिकीट नाही. फक्त गोलंदाजाच्या मागे, साइटस्क्रीनसमोरून चालू नका. आपल्या लोकांना हे सांगायला नको, पण बाबागाडी ढकलताना राहून जातं. खेळायचं असेल तर एप्रिलमध्ये, हंगामाआधीच्या सरावाला जा. गावच्या दुसऱ्या-तिसऱ्या संघाला शनिवारी सकाळी दहापर्यंत अकरा जण जुळलेले नसतात. तुम्ही भारतीय म्हटल्यावर तुम्हाला ऑफस्पिन येते असं गृहीत धरलं जाईल. दोन डावांच्या मधला ‘टी’ म्हणजे सँडविच आणि केकचं जेवणच, आणि तो आणण्याची पाळी तुमच्यावरही येईल.

ज्यांना या खेळाची तीर्थयात्रा करायची आहे त्यांनी लॉर्ड्सनंतर हॅम्पशायरमध्ये हॅम्बल्डनला जावं. ब्रॉडहाफपेनी डाउन हे मैदान आणि समोरचा ‘बॅट अँड बॉल’ पब अजून आहेत. अठराव्या शतकात या खेड्याचा क्लब साऱ्या देशाला भारी होता. १७७७ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या संघाला एक डाव आणि १६८ धावांनी हरवलं. तिसरा स्टंपही त्यांच्यामुळेच आला: १७७५ च्या एका सामन्यात लंपी स्टीव्हन्सचा चेंडू हॅम्बल्डनच्या जॉन स्मॉलच्या दोन स्टंपांमधून तीनदा पार गेला आणि फलंदाज नाबाद राहिला. गोलंदाजावर हा अन्याय आहे हे सगळ्यांना पटलं. गावांच्या संघांची देशव्यापी स्पर्धा १९७२ पासून चालू आहे आणि अंतिम सामना लॉर्ड्सवर होतो.

१३. चीजमागे डोंगरावरून गडगडत जाणारी माणसं खरी आहेत का? अशा जत्रा कधी असतात, आणि आपल्याला भाग घेता येतो?

खरी आहेत. टेकडीवरून चीजचं गोल चाक सोडतात आणि लोक त्याच्या मागे सुटतात. ग्लॉस्टरशायरमध्ये ब्रॉकवर्थजवळ कूपर्स हिलवर, मेअखेरच्या सोमवारी. सुमारे १८० मीटरचा उतार इतका तीव्र आहे की पळणं अशक्य, फक्त पडता येतं. पहिला खाली पोहोचेल त्याला ते तीन-चार किलोचं डबल ग्लॉस्टर चीज. भाग कुणीही घेऊ शकतं. घेऊ नका. दरवर्षी कुणीतरी हात-पाय मोडून घेतं.

डर्बीशायरमध्ये ॲशबोर्नला लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळाच्या) तोंडावरच्या मंगळवारी आणि बुधवारी सगळं गाव दोन संघांत वाटून चेंडू खेळतं. ओढ्याच्या उत्तरेला जन्मलेले एका बाजूला, दक्षिणेचे दुसऱ्या. दोन गोलांत अंतर तीन मैल. दुकानदार खिडक्यांना फळ्या ठोकतात. बघायला जाणार असाल तर गाडी गावाबाहेर लावा आणि घोळक्याच्या उतरणीच्या बाजूला उभे राहू नका. त्याच मंगळवारी बकिंगहॅमशायरमध्ये ओल्नीला बायका तव्यात पॅनकेक उडवत ४१५ यार्ड धावतात. ही शर्यत १४४५ पासूनची मानतात. इथे भाग फक्त त्या गावात राहणाऱ्या स्त्रियांना.

सप्टेंबरमध्ये स्टॅफर्डशायरच्या ॲबट्स ब्रॉमलीत रेनडिअरची सहा जोड शिंगं खांद्यावर घेऊन दिवसभर नाचतात. शिंगांचं वय कार्बन चाचणीत अकराव्या शतकाच्या आसपास निघालं, आणि रेनडिअर तर तेव्हा इंग्लंडात नव्हतेच. ती तिथे कशी आली, यावर पबमध्ये प्रत्येकाचं वेगळं मत ऐकायला मिळेल.

माझी आवडती जत्रा इसेक्समधल्या ग्रेट डनमोची, दर लीप वर्षी. जे जोडपं शपथेवर सांगेल की वर्ष आणि एक दिवस आपल्याला लग्नाचा एकदाही पश्चात्ताप झाला नाही, त्याला डुकराच्या खारवलेल्या मांसाची अख्खी बाजू बक्षीस. पुरावे तपासले जातात, वकील उलटतपासणी घेतात आणि निकाल सहा अविवाहित मुली आणि सहा अविवाहित मुलगे देतात. अनुभव नसलेले पंच, म्हणूनच बहुधा जोडपी जिंकतात.

१४. ऑक्टोबरमध्ये अचानक गावाच्या मुख्य रस्त्यावर आकाशपाळणा उभा राहतो. वाहतूक बंद करून असं कसं चालतं?

ती ‘मॉप फेअर’. स्ट्रॅटफर्ड, ट्यूक्सबरी, मार्लबरो इथल्या प्रसिद्ध आहेत आणि रस्त्यावर भरण्याचा त्यांचा हक्क मोटारींहून जुना आहे. हा खरं तर मजुरांचा बाजार होता. वर्षभराचा करार संपला की गडी आणि मोलकरणी चौकात येऊन उभ्या राहायच्या, आपल्या कामाची खूण घेऊन: मेंढपाळाच्या टोपीला लोकरीचा झुबका, मोलकरणीच्या हातात झाडू-पोछा. मालक पारखून घ्यायचा, हातावर नाणं ठेवलं की करार पक्का. नवा मालक खडूस निघाला तर एक-दोन आठवड्यांनी दुसरी छोटी जत्रा भरायची, पळून आलेल्यांसाठी. मार्लबरोत ‘लिटल मॉप’ आणि ‘बिग मॉप’ अजून वेगवेगळ्या भरतात.

१५. पायवाट सरळ कुणाच्या तरी शेतातून जाते. मालक ओरडणार नाही?

बाणाची खूण असेल तर ओरडू शकत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे २,२५,००० किलोमीटर सार्वजनिक वाटा आहेत. जमीन खासगी, पण चालण्याचा हक्क सगळ्यांचा. पिवळा बाण फक्त चालणाऱ्यांसाठी, निळा घोडा आणि सायकललाही. फाटक जसं होतं तसं ठेवा: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. पीक वाटेवर आलं असेल तरी वाट सोडू नका, रांगेत एकामागे एक जा.

दोन अपवाद. ‘परमिसिव्ह पाथ’ लिहिलं असेल तर ती मालकाची मेहेरबानी, तो कधीही बंद करू शकतो. आणि तंबू ठोकायला मालकाची परवानगी लागतेच, फक्त डेव्हनमधल्या डार्टमूर या माळरानावर काही भागात लागत नाही. ते २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्कं केलं. वासरं सोबत असलेल्या गाईंपासून लांबून जा. त्या गरीब दिसतात, पण कुत्रा बघितला की अंगावर येतात.

१६. गाडीशिवाय ही गावं बघता येतात का?

काही येतात. स्किप्टन, सेटल, लडलो, हेक्सम, मोरटन-इन-मार्श इथे रेल्वे स्टेशन आहे आणि चौक चालत जाण्यासारखा. बाकीच्यांपैकी बऱ्याच गावांचं स्टेशन १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर गेलं, रेल्वेच्या काटकसरीच्या या अहवालात २,३६३ स्टेशनं बंद करायची शिफारस होती. मग उरते बस. इंग्लंडातल्या बहुतेक बसचं एकेरी भाडं २०२५ पासून जास्तीत जास्त ३ पौंड ठरवलं गेलं, त्यामुळे लांबचा प्रवासही स्वस्त पडतो. पण शेवटची बस संध्याकाळी पाच-साडेपाचला असू शकते आणि रविवारी मुळीच नसते. परतीची वेळ आधी बघा, जातानाची नंतर.

१७. आमच्या गावातला पब बंद होतोय, म्हणतात ‘आपणच विकत घेऊ’. हे शक्य आहे?

आहे. कंब्रियात हेस्केट न्यूमार्केटचा ‘ओल्ड क्राउन’ २००३ पासून गावकऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचा आहे. २०११ च्या लोकॅलिझम ॲक्टने आणखी एक हत्यार दिलं: पब, दुकान किंवा मैदान ‘सामुदायिक महत्त्वाची मालमत्ता’ म्हणून नोंदवून घ्यायचं. मग मालकाने विकायला काढलं की गावाला पैसे जमवायला सहा महिने मिळतात. मात्र लक्षात घ्या, गावालाच विकण्याची सक्ती मालकावर नाही, तो फक्त थांबायला बांधील आहे. लाल टेलिफोन बूथ त्याहून सोपे: ब्रिटिश टेलिकॉमने २००८ पासून ते एका पौंडाला गावांना द्यायला सुरुवात केली. कुठे त्यात वाचनालय आहे, कुठे हृदयविकारासाठीचं यंत्र, सेटलमध्ये तर चित्रांचं दालन.

१८. ही गावं एवढी जुनी, सुंदर कशी राहिली? लोकांनी मुद्दाम जपली का?

जपलं ते नंतर. आधी गरिबीने राखलं. सफोकमधलं लॅव्हनम निळ्या लोकरी कापडावर देशातल्या सर्वांत श्रीमंत गावांत जाऊन बसलं होतं. मग कोलचेस्टरला आलेल्या निर्वासित विणकरांनी हलकं, स्वस्त कापड काढलं आणि लॅव्हनमचा धंदा बसला. नवी घरं बांधायला पैसाच उरला नाही, म्हणून लाकडी सांगाड्याची वाकडी घरं तशीच राहिली. आज तिथल्या ३०० हून जास्त इमारती संरक्षित आहेत.

शेतांचं चित्र मात्र तितकं जुनं नाही. कुंपणांनी आखलेले चौकोन बऱ्याच ठिकाणी अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले. १६०४ ते १९१४ या काळात ५,२०० हून जास्त कायदे करून ६८ लाख एकर जमीन बंदिस्त केली गेली आणि गुरं चारायचा गरिबांचा हक्क गेला. त्याआधीचं रूप बघायचं तर नॉटिंगहॅमशायरमध्ये लॅक्स्टनला जा. तीन अवाढव्य उघडी शेतं, त्यात प्रत्येकाच्या पट्ट्या, आणि कुणी दुसऱ्याच्या किंवा वाटेच्या जमिनीत नांगर घातला तर दंड करणारी जुनी पंचसभा. ती आजही दरवर्षी बसते.

१९. भिलारला ज्यावरून ‘पुस्तकांचं गाव’ केलं, ते इंग्लंडमध्येच ना? आणि महाराष्ट्राशी नातं असलेलं आणखी एखादं गाव?

ते हे-ऑन-वाय, आणि ते वेल्समध्ये आहे, इंग्लंडची हद्द अगदी गावाला लागून. तिथल्या रिचर्ड बूथ या पुस्तकविक्रेत्याने १ एप्रिल १९७७ रोजी गाव स्वतंत्र राज्य आणि स्वतः राजा असल्याचं जाहीर केलं होतं. त्या प्रेरणेने पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरचं भिलार ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव झालं. इंग्लंडातलं पुस्तकांचं गाव हवं असेल तर कंब्रियातलं सेडबर.

सरेमधल्या लिम्प्सफील्डच्या चर्चच्या आवारात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनची कबर आहे. पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा कारभार पाहणारा आणि १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर असलेला तोच. १८५९ मध्ये तो याच गावी वारला. भारताशी नातं म्हटलं तर ऑक्सफर्डशायरमध्ये स्टोक रो इथे काशीच्या महाराजांनी पाण्याविना हाल सोसणाऱ्या खेडुतांना बांधून दिलेली विहीर आहे: १८६४ ची, ३६८ फूट खोल, हाताने खणलेली, वर घुमट आणि रहाटावर हत्ती. सफोकच्या एल्वडनला महाराजा दुलीपसिंग यांची कबर आहे, आणि जवळच्या थेटफर्डमध्ये त्यांचा घोड्यावरचा पुतळा.

२०. स्टिल्टन गावात जाऊन ताजं स्टिल्टन चीज घ्यायचं होतं. तिथे कुणी बनवतच नाही म्हणाले. थट्टा केली का?

नाही, खरंच सांगितलं. हे नाव कायद्याने संरक्षित आहे आणि डर्बीशायर, लेस्टरशायर, नॉटिंगहॅमशायर या तीनच परगण्यांत बनवलेल्या चीजला ते लावता येतं. स्टिल्टन गाव पडतं केंब्रिजशायरमध्ये. लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या घोडागाड्या तिथल्या ‘बेल इन’पाशी थांबायच्या आणि प्रवासी ते चीज विकत घ्यायचे, त्यावरून नाव पडलं. गावाने हक्क मागून पाहिला, २०१३ मध्ये तो नाकारला गेला. अट दुधाचीही आहे: पाश्चराइझ केलेलंच हवं. नॉटिंगहॅमशायरमध्ये कच्च्या दुधाचं असंच एक चीज बनतं, पण त्याला स्टिल्टन म्हणता येत नाही, म्हणून ते ‘स्टिचल्टन’ या नावाने विकतात.